ब्लीचला सुट्टी!

वीकेंडला भिवंडी-वाडा रस्त्यावरच्या अंबाडीला मावशीकडे गेलो, तर बाथरूम चकाचक आणि ब्लीचची बाटली कुठेच नाही! नळावरचा पांढरा थर म्हणजे बोअरच्या पाण्यातला क्षार. ब्लीच जंतू मारतं, या थराला हातही लावत नाही. तो विरघळतो आंबटाने. मावशीचा फंडा सोपा : पिळलेल्या लिंबाच्या साली चोळा, दहा मिनिटं थांबा, नारळाच्या शेंडीने घासा. बुळबुळीत फरशीला खायचा सोडा. (कडप्प्यावर मात्र लिंबू नको, दगडच खातं!) आणि बॉस, ब्लीच टाकलंच असेल तर त्यावर लिंबू, व्हिनेगर, अ‍ॅसिडवाला टॉयलेट क्लीनर अजिबात नाही. क्लोरीन वायू सुटतो. हा पराक्रम मी केलाय. दार उघडून खोकत बाहेर पळालो होतो.