नोंद आणि नजर

आमच्या इन्सुलीस, गोव्याच्या वेशीजवळ, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका आहे. नाका म्हटला कीं वही आली. परंतु तीच गाडी रोज अपरात्रीं कां जाते, हें वही चाळणाऱ्याच्या ध्यानांत आलें नाहीं, तर वहीचा उपयोग काय?

बँकेचीं खातीं ज्या संगणकांवर असतात, त्या सर्व्हरांचेंही असेंच आहे. कोण केव्हां आंत आला, कोणाचा पासवर्ड किती वेळां चुकला, कोणाचे अधिकार वाढले, या सर्वांची नोंद सर्व्हर ठेवूं शकतो. उणीव असते ती वाचणाऱ्याची.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचें उदाहरण वाचकांस आठवत असेल. ११ ऑगस्ट २०१८ रोजीं, शनिवारीं, कांहीं तासांतच २८ देशांतील एटीएम यंत्रांतून बनावट कार्डांनीं पैसे काढले गेले. १३ तारखेस आणखी सुमारें १४ कोटी रुपये हाँगकाँगच्या एका खात्यांत वळविण्यांत आले. एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. पैशांची मागणी बँकेच्या मूळ खतावणीपर्यंत पोंचतच नव्हती. घुसखोरांनीं वाटेंत बसविलेली तोतया यंत्रणाच तिला मंजुरी देत होती. म्हणजे पैसा बाहेर पडे, पण खतावणींत खर्च पडत नसे. अशा दोन नोंदी क्षणोक्षणीं ताडून पाहिल्या, तर तफावत लवकर उघडी पडते.

शिरलेला चोर प्रथम आपलीं पावलें पुसतो. म्हणून नोंद तत्काळ दुसऱ्या, निराळ्या कुलुपाच्या यंत्रावर धाडावी. सर्व यंत्रांचीं घड्याळें जुळतीं असावींत. नाहींतर आधीं काय घडलें नि मागून काय, हेंच उमगत नाहीं. आणि नोंद एकाएकीं थांबली, तर तीही धोक्याची घंटाच समजावी. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें एप्रिल २०२२ च्या आदेशानें अशा नोंदी १८० दिवस जपणें व घुसखोरी लक्षांत आल्यापासून ६ तासांच्या आंत कळविणें बंधनकारक केलें. परंतु वही जपणें निराळें आणि वाचणें निराळें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं सहकारी बँकेचे भागधारक असतील. वार्षिक सभेंत लाभांशाची चौकशी सर्वच करितात. यंदा त्यांनीं आणखी एक प्रश्न विचारावा: शनिवारीं रात्रीं, बँकेचें दार बंद असतां, या नोंदी कोण वाचतो?