हायाबुसा २०२६: बाइक शहाणी झाली, आपण?

२००४ साली ‘धूम’ पाहून हायाबुसाच्या प्रेमात पडलेल्यांसाठी खबर: २०२६चं मॉडेल इथे अमेरिकेत आलंय. इंजिन तेच, १३४० सीसी. नवीन म्हणजे लिथियम-आयन बॅटरी, आणि गिअर बदलला तरी क्रूझ कंट्रोल सुटत नाही. चाक घसरू नये, उचलू नये, हे बघायला इलेक्ट्रॉनिक्स आधीपासून आहेच.

बाइक शहाणी झाली, कायदा नाही. युरोपात अठराव्या वर्षी ३५ किलोवॉटपर्यंतचीच बाइक चालवता येते; हायाबुसाची ताकद त्याच्या चौपट. इथे बहुतेक राज्यांत त्याच वयाच्या पोराला साधं मोटरसायकल लायसन्स पुरतं. इलिनॉयमध्ये तर हेल्मेटचीही सक्ती नाही! आपल्याकडे ती आहे, पण स्प्लेंडर आणि हायाबुसाचं लायसन्स एकच. पुढची सुधारणा बाइकमध्ये नको, लायसन्समध्ये करा.