एकशे आठ घागरींचा हिशेब



मागच्या महिन्यात कंधारात आपल्या पोरांची बैठक झाली. जगत्तुंग सागराच्या काठावर बसलो होतो. राष्ट्रकूटांच्या काळातला हा तलाव. समोर पाणी होतं म्हणून मी म्हणालो, आज मन्याडीच्या घाणीवर बोलू. एक जण उसळला. "पर्यावरण हे पोट भरलेल्यांचं खूळ आहे रं. आपल्याला भाकरीचं बोल!" टाळ्या पडल्या. मी गप बसलो, कारण त्याचं अर्धं खरं होतं. उरलेल्या अर्ध्यासाठी हा कागद.

महाड घ्या. तळं नगरपालिकेचं. सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव १९२४ सालीच झालेला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं प्याले, मागोमाग आपली माणसं प्याली. गुरंढोरं रोज पीत होती तेव्हा तळं बाटलं नव्हतं. त्या दिवशी बाटलं. मग धर्म धावला. तळ्यातल्याच पाण्याच्या एकशे आठ घागरी भरल्या, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवलं, मंत्र म्हटले आणि त्या परत तळ्यात रिचवल्या. पिण्याच्या पाण्यात शेण घालणारा शुद्ध, ओंजळभर पिणारा अशुद्ध! जलप्रदूषणाचा याहून उघडा पंचनामा मला तरी ठाऊक नाही.

ती रीत गेली असं समजू नका. हातानं मैला उचलायला माणूस लावणं गुन्हा ठरवणारा कायदा १९९३ सालीच झाला. तरी पंढरपूरला वारीनंतर वाळवंटातली विष्ठा उचलायची पाळी कुणावर येते, यासाठी लोकांना उच्च न्यायालयात भांडावं लागलं. पुण्य सगळ्यांचं, खराटा मात्र ठरलेल्या जातीच्या हातात.

आणि झाडं! २०१९ साली सरकारनं ३३ कोटी झाडं लावायचा संकल्प सोडला. २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच राज्यात, नाशिकच्या तपोवनात, कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी दीड हजारावर झाडं तोडायचा घाट घातला गेला. संकल्प सोडणारे आणि घाट घालणारे एकाच भाषेत बोलतात, ती भाषा मतांची. नाशिकची माणसं झाडांपाशी जमली. त्यात रामाला मानणारेही होते. मला ती आपली वाटली. त्यांच्याशी आपलं भांडण देवावरनं आहे, झाडावरनं नाही.

आता घरचं सांगतो. दादासाहेब गायकवाडांच्या १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहानंतर माझ्या आजानं गायरानाचा दीड एकर खडक फोडला. दगड वेचले, बांध घातला. तलाठ्याच्या एक-ईला नाव चढलं, तेही 'अतिक्रमणदार' म्हणून. १४ एप्रिल १९९० पूर्वीची आपली अतिक्रमणं नियमित करायचं सरकारनं कबूल केलं. आमचं प्रकरण बस्त्यातच. त्या ३३ कोटींच्या साली एक साहेब जीपमधून आला आणि उगवून आलेल्या मुगात खड्डे मारायला लावले. बा म्हणाला, "साहेब, बांधावरचे सहा लिंब मीच लावलेत. तेवढे तरी मोजा की." साहेब म्हणाला, "ते योजनेत बसत नाहीत." फोटो काढले, गेले. पोळ्यापर्यंत रोपं वाळली. खड्डे अजून आहेत. माय तिथून घागर घेऊन जाते तेव्हा पायानं चाचपत जाते.

म्हणजे मित्राचं खरंच ठरलं? आमच्या अंगावर पर्यावरण आलं ते कुदळ घेऊनच आलं. पण कुदळ त्यांच्या हातात का राहिली, हे विचारा. आपण तो विषयच त्यांच्यावर सोडला म्हणून. बाबासाहेबांनी सोडला नव्हता. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून बघा. सिद्धार्थानं घर सोडलं ते म्हातारा, रोगी आणि प्रेत दिसलं म्हणून नव्हे. रोहिणी नदीच्या पाण्यावरनं शाक्य कोलियांवर चालून जाणार होते, त्या युद्धाला त्यानं नकार दिला म्हणून. धम्माच्या कथेची सुरुवातच पाण्याच्या वाटपात आहे, मित्रा. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं सांभाळताना दामोदर खोऱ्याची योजना त्यांनीच पुढं रेटली. नदी त्यांच्या लेखी देवी नव्हती. सगळ्यांच्या मालकीची वस्तू होती, तिचा हिशेब मागता येतो अशी. माय म्हटलं की हात जोडून मोकळं होता येतं.

आणि आपली घाण? थर्माकोलच्या ताटल्यांवर २०१८ सालीच बंदी आली. तरी चौदा एप्रिलच्या भोजनदानानंतर त्या नाल्यात, आणि नाला मन्याडीत. हे काय मनूनं सांगितलं होतं? गावानं आपली वस्ती खालच्या अंगाला टाकली, वरची घाण आपल्याकडं येते, हे आपण भाषणात सांगतो. आपल्याही खाली कुणीतरी पाणी भरतं. ते सांगत नाही. माझ्या गल्लीतल्या पोरांना हे बोललो तर तीन दिवस कुणी जयभीम घातला नाही.

बैठक परत घेऊ. ज्यांच्या घरी गायरान आहे त्यांनी एक-ईचा उतारा आणावा. बांधावरची झाडं मोजून, कोणी कधी लावली ते लिहून आणावं. मोजणीला येतील तेव्हा तो कागद पुढं करायचा. आणि ज्यानं टाळ्या घेतल्या त्यानं खराटा आणावा. नाल्यापासनंच सुरू करू.

जयभीम.