उन्हाळ्यापुरते घर आणि त्याचे वाङ्मय

प्रवासवर्णनाच्या अभ्यासपत्रिकेनिमित्त आमच्या विभागात झालेल्या चर्चासत्रात एका विद्यार्थिनीने पीटर मेल यांच्या 'अ इयर इन प्रोव्हान्स' (१९८९) या पुस्तकावर निबंध वाचला. निबंध नीटस होता. 'परभूमीशी जडलेले नाते' असे त्याचे शीर्षक होते आणि ते ऐकून आम्ही अध्यापकांनीही माना डोलावल्या. हा लेख म्हणजे त्या मान डोलावण्याचे प्रायश्चित्त समजावे. या पुस्तकातले नाते भूमीशी जडलेले नाही, मालमत्तेशी जडलेले आहे. त्याला प्रवासवर्णन म्हणणे हा वर्गीकरणाचा दोष आहे. नाव द्यायचेच तर आम्ही 'मालकीवर्णन' असे देऊ.

पुस्तक सर्वपरिचित आहे. जाहिरातक्षेत्र सोडलेला एक इंग्रज गृहस्थ आणि त्याची पत्नी दक्षिण फ्रान्समधील लुबेरों भागात, मेनेर्ब या गावाजवळ, जुने दगडी शेतघर विकत घेतात. बारा महिन्यांची बारा प्रकरणे. जानेवारीत मिस्त्राल हा बोचरा वारा वाहतो, नळ फुटतात. गवंडी उद्या येतो म्हणतो आणि महिनोन्‌महिने फिरकत नाही. अखेर डिसेंबरात, काम संपावे म्हणून सगळ्या कारागिरांना बायकांसह मेजवानीला बोलावण्याची युक्ती काढली जाते. विनोद निर्मळ आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु या पुस्तकात गावातली बहुतेक माणसे कोणत्या दाराने आत येतात ते पाहावे. एक तर कामाच्या, नाही तर जेवणाच्या. घरासोबत आलेला द्राक्षमळा शेजारचा शेतकरी कसतो आणि उत्पन्नाची वाटणी होते. ही व्यवस्था मेल मोठ्या गोड शब्दांत सांगून पुढे जातात. ज्याच्या भाषेत 'कूळ', 'खंड', 'अर्धेल' हे शब्द आहेत आणि ज्याच्या राज्यात कूळकायद्याचा इतिहास आहे, त्या मराठी वाचकाने तरी येथे क्षणभर थांबायला हवे होते. आमच्या चर्चासत्रात कोणीही थांबले नाही.

मेल यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ते तेथे बारमाही राहिले. त्यांच्या पुस्तकामुळे मोहित झालेल्या वाचकांनी मात्र त्या बारा महिन्यांतला उन्हाळा तेवढा उचलला. हे वाचक पुढे मेल यांच्याच दारात येऊन उभे राहू लागले आणि काही वर्षांसाठी त्यांना अमेरिकेत जावे लागले. परतल्यावर ते लुर्मारँ या गावी राहिले. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी गावाचे जे केले, तेच वाचकांनी त्यांचे केले. गाव देखावा झाले होते, आता लेखक देखावा झाला.

या वाङ्मयाची खरी परीक्षा रस्त्यावर होते. १९९४ मध्ये खाडीखालचा बोगदा सुरू झाला. फोकस्टनला मोटार आगगाडीत चढवावी आणि पस्तीस मिनिटांत कालेजवळ उतरवावी. पुढचा महामार्ग इंग्रजांच्या इतक्या वहिवाटीचा की 'इंग्रजांचा महामार्ग' असे त्याचे टोपणनावच पडले आहे. तेथून लुबेरों सुमारे हजार किलोमीटर. इंग्रज गाडीचे चाक उजवीकडे आणि फ्रान्समधली टोलची खिडकी डावीकडे, म्हणून पैसे शेजारी बसलेल्याने द्यायचे. मागच्या बाजूला चहा, बिस्किटे, चादरी, हत्यारे असे सगळे भरलेले. सगळा संसार बरोबर असतो आणि वाटेत काहीही घडत नाही, किंबहुना घडू नये अशीच सारी योजना असते. जुना प्रवासी अनोळखी दारात उभा राहून 'आत येऊ का' असे विचारत असे. त्याला नकार मिळू शकत असे. येथे दोन्ही टोकांना स्वतःचेच दार आहे. याला प्रवास कसे म्हणावे? हे तर ओसरीवरून माजघरात जाणे झाले, फक्त मध्ये एक देश आडवा पडला आहे.

याच प्रदेशातले दुसरे पुस्तक शेजारी ठेवून पाहू. मार्सेल पान्योल यांचे 'ल शातो द मा मॅर', म्हणजे 'माझ्या आईचा वाडा', १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. तेही सुट्टीच्या घराविषयीच आहे. मार्सेय शहरातला एक प्राथमिक शिक्षक डोंगरातले घर भाड्याने घेतो. ट्रामचा मार्ग संपल्यावर सगळे कुटुंब ओझी घेऊन तासन्‌तास चालते. शिक्षकाचा एक जुना विद्यार्थी कालव्यावर नोकरीला असतो. तो एक किल्ली देतो. त्या किल्लीने धनिकांच्या बागांमधून जाणारी जवळची वाट खुली होते. पण ती वाट बेकायदा आहे. नीतिमान शिक्षकाला तिची लाज वाटते, आईला प्रत्येक दाराशी भय वाटते. आणि एके दिवशी शेवटच्या बागेचा रखवालदार त्यांना पकडून अपमानित करतोच. पुढे अनेक वर्षांनी, चित्रपटांत यश मिळाल्यावर, पान्योल न पाहताच एक वाडा विकत घेतात आणि तो तोच निघतो. आई तोवर कधीच गेलेली असते. ते त्या दारावर दगड घालतात. मालकी हाती आली, तरी आईचे भय काही परतफेडीत निघाले नाही. सुट्टीच्या घराकडे जाणारा रस्ता साहित्य कसा होतो, हे येथे दिसते. मेल यांच्या खिशातली किल्ली त्यांची स्वतःचीच असल्यामुळे तिच्यातून किस्से निघतात, कथा निघत नाही.

पान्योल यांच्याच 'जाँ द फ्लोरेत'मध्ये शहरातून आलेला वारस शेत कसू लागतो, पण शेजाऱ्यांनी त्याचा झरा तो येण्याआधीच बुजवलेला असतो. पाण्यासाठी खोदता खोदता तो मरतो. ते गाव दुष्ट आहे, पण त्याला स्वतःची इच्छा आहे, स्वार्थ आहे. मेल यांच्या गावाला द्वेष करण्याचीही मुभा नाही. त्याने फक्त लोभस असायचे.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे. ही घरे ओसाड पडली होती, गावकरी शहरांत गेले होते, परक्यांच्या पैशाने छपरे उभी राहिली, गवंड्यांना काम मिळाले. हे खरे आहे. शिवाय फ्रान्समध्ये दर दहा घरांमागे साधारण एक घर दुय्यम निवासाचे असून त्यांतली बहुसंख्य खुद्द फ्रेंचांचीच आहेत. हेही खरे. म्हणूनच आमचे भांडण परकेपणाशी नाही, खरेदीशीही नाही. 'आम्ही येथलेच झालो' या वाक्याशी आहे.

त्या वाक्याचा निकाल साहित्यशास्त्राने नव्हे, कायद्याने लावला. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले आणि २०२१ पासून इंग्रज घरमालकांना व्हिसाशिवाय दर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येऊ लागले. त्यांना सवलत देणारे कलम डिसेंबर २०२३ मध्ये फ्रेंच संसदेने संमत केलेल्या विधेयकात होते. जानेवारी २०२४ मध्ये घटना परिषदेने ते रद्द केले. घराचा सातबारा नावावर, पण दिवस मोजून राहायचे. ज्यांनी आयुष्याची पुंजी तेथे घातली त्यांचे दुःख खोटे नाही आणि त्यावर आम्हांस आनंदही नाही. पण मालकी म्हणजे वास्तव्य नव्हे, हा साधा भेद या वाङ्मयाने पुसला होता, तो पुन्हा दिसू लागला.

आपल्याकडे कोकणात नि गोव्यात 'सेकंड होम'च्या जाहिराती झळकतात, त्यांची भाषा याच पुस्तकांच्या वळणाची आहे. चाकरमान्याचेही घर वर्षभर बंद असते, पण त्या कुलपामागे भाऊबंद असतात, वाद असतात, देवळाची वर्गणी असते, आणि गाव त्याला नावे ठेवू शकतो. जाहिरातीतल्या घराला यातले काहीच नको असते.

मेल यांचे पुस्तक अभ्यासक्रमातून काढा असे आम्ही म्हणत नाही. ते पान्योल यांच्या शेजारी ठेवून शिकवावे आणि परीक्षेत एकच प्रश्न विचारावा: ऑक्टोबर ते मे बंद राहणाऱ्या घराच्या शेजारी ज्याचे घर आहे, त्याने हे पुस्तक लिहिले असते, तर त्याचे पहिले प्रकरण कोणत्या महिन्याचे असते? आमच्या विद्यार्थिनीला आम्ही हाच प्रश्न देऊन निबंध परत केला आहे. तिच्या उत्तराची वाट पाहत आहोत.