मुलाचा घास आणि मुलाची भेट

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ अशी आपल्यात म्हण आहे. परंतु भांडणारी दोघे नवराबायको असली आणि तिसरे त्यांच्याच पोटचे मूल असले, म्हणजे ही म्हण उलटी होते. भांडण दोघांचे, आणि तोटा मात्र तिसऱ्याचा. पिंपरी-चिंचवड व चाकण या कारखानदारीच्या पट्ट्यात हा तोटा कसा होतो, आणि तो टाळण्यासाठी कायदा व लोकमत या दोहोंनी काय करावयास हवे, याचा विचार आज करण्याचे आम्ही योजिले आहे.

१९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले, १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि पुढे कांद्याबटाट्याच्या बाजाराचे चाकण मोटारींच्या कारखान्यांसाठी सर्वत्र ठाऊक झाले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश येथून आणि परप्रांतांतूनही तरुण माणसे पोटासाठी येथे आली व दोन-दोन खोल्यांत त्यांनी संसार थाटले. गावी कुरबूर झाली तर मामा, चुलता किंवा आत्या मध्ये पडे. येथे शेजारच्या खोलीतला गृहस्थ रात्रपाळी करून निजलेला असतो. म्हणून जुन्या रिवाजाचे गोडवे आम्ही गातो असे मात्र कोणी समजू नये. तेथील पुष्कळ संसार सून निमूटपणे सोसत राही म्हणूनच टिकले. जाचातून सुटण्यासाठी वेगळे होणे हा गुन्हा नव्हे. परंतु नवराबायकोचे नाते तुटले तरी आईबापपण तुटत नाही, एवढी साधी गोष्ट दोघांच्याही ध्यानात राहत नाही, हेच सर्व अनर्थाचे मूळ होय.

या तंट्यांत दोन वाक्ये हटकून ऐकू येतात. बाप म्हणतो, “मूल भेटू देत नाही, तर पैसा कशाला देऊ?” आई म्हणते, “पैसा देत नाही, तर मूल का दाखवू?” दोन्ही वाक्ये ऐकणारास प्रथमदर्शनी न्याय्य वाटतात, कारण त्यांत बाजारातील देवघेवीचा सूर आहे. दाम नाही तर माल नाही, हा व्यवहार आमच्या व्यापारी वाचकांस चांगला परिचित आहे. परंतु मूल हे माल नव्हे. जो घास बाप रोखतो तो आईचा नसून मुलाचा आहे. आणि जी भेट आई रोखते तीही बापापेक्षा मुलाचीच अधिक आहे. एकमेकांस शिक्षा करण्याच्या भरात दोघेही तिसऱ्याच्याच ताटातले काढून घेतात. कायद्याच्या दृष्टीनेही पोटगीचा आदेश व भेटीचा आदेश हे दोन निराळे आदेश आहेत. एकाचा भंग झाला म्हणून दुसरा आपोआप रद्द होत नाही. आमच्या सर्व विवेचनाचे सार एवढेच आहे.

मूल कोणाकडे राहावे, हा यातला पहिला प्रश्न. त्यास आपण ‘ताबा’ म्हणतो, आणि हा शब्दच मुळी शेतजमिनीच्या दाव्यातला आहे. परंतु मूल हे सातबाऱ्याच्या उताऱ्यावरचे क्षेत्र नव्हे. मुले ही आईबापांची मालमत्ता नव्हेत की खेळणी नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७३ सालीच बजावले आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा या दोहोंचे मर्म एकच आहे: कोणाचा हक्क मोठा हे न पाहता मुलाचे कल्याण कशात आहे हे पाहावे. १९५६ च्या कायद्याने बापास पहिला नैसर्गिक पालक ठरविले आणि आईस त्याच्या ‘नंतर’ ठेवले. तथापि पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडेच असावे, असेही त्याच कलमात सांगितले आहे. त्यातील ‘नंतर’ म्हणजे बापाच्या मरणानंतरच असे नव्हे, तर बाप मुलाकडे पाहत नसेल तेव्हाही, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली लावला. गोव्यातील एका तान्ह्या मुलाच्या खटल्यात २०१५ साली त्याच न्यायालयाने स्पष्ट केले की, एवढ्या लहान मुलास सांभाळण्यास आई अपात्र आहे असे बापाचे म्हणणे असेल तर ते त्यानेच सिद्ध करावे. मूल समजत्या वयाचे असल्यास त्याची इच्छाही न्यायाधीश विचारात घेऊ शकतात. आणि रातोरात मुलास दूरच्या गावी आजी-आजोबांकडे धाडून दावा जिंकता येईल, असे ज्यांस वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे की, १८९० च्या कायद्याप्रमाणे मुलाच्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणचे न्यायालय पाहिले जाते. मूल घाईघाईने जेथे नेऊन ठेवले ते ठिकाण एवढ्यानेच नेहमीचे होत नाही.

दुसरा प्रश्न पोषणाचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ आता गेले. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ त्याच्या जागी आले आहे. ते सर्व धर्मांच्या लोकांस लागू आहे, आणि विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलासही त्याचा आधार आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकालात काढावा, असे त्यात लिहिले आहे. हिंदू विवाह कायद्यानेही मुलांच्या पोषण-शिक्षणाच्या अर्जास हीच मुदत घातली आहे. परंतु कागदावरचे ६० दिवस प्रत्यक्षात किती लांबतात, हे नागपूरच्या एका खटल्यावरून दिसून येईल. २०१३ साली एका आईने स्वतःसाठी व तान्ह्या मुलासाठी अर्ज केला. कौटुंबिक न्यायालयाचा अंतरिम आदेश २०१५ साली निघाला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो २०१८ साली कायम केला, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२० रोजी लागला. अर्ज केला तेव्हा मूल पाळण्यात होते. निकाल लागला तेव्हा ते सात वर्षांचे झाले होते. भूक सात वर्षे तारखा मोजीत थांबत नाही!

त्या निकालाने एक मोठे काम मात्र झाले. पोटगी अर्जाच्या दिवसापासून द्यावी, म्हणजे चालढकल करणारास तिचा फायदा मिळणार नाही. आणि नवरा-बायको दोघांनीही आपली मिळकत, मालमत्ता व कर्जे शपथेवर उघड करावीत, असे नियम सर्वोच्च न्यायालयाने सर्व देशासाठी घालून दिले. मुलाच्या खर्चात अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी व शिक्षण हे सर्व येते. आई पुरेसे कमावीत असेल तर शिक्षणाचा भार दोघांत प्रमाणाने वाटता येतो, हेही न्यायालयाने सांगितले. थकलेली रक्कम जप्तीने वसूल होऊ शकते, आणि कलम १४४ खाली ती बुडविणारास तुरुंगही दाखविता येतो. परंतु त्या कलमाखाली वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. ‘आज देईल, उद्या देईल’ म्हणून वाट पाहणाऱ्या आयांनी ही मुदत विसरू नये.

यावर कोणी म्हणेल, “कारखान्यातून कमी केलेल्या कंत्राटी कामगाराने पोटगी आणावी कोठून?” आक्षेप खरा आहे. परंतु त्यास वाट आहे. परिस्थिती पालटली असता रक्कम बदलून मागण्याची सोय कायद्यातच आहे. तो अर्ज न करता तोंड लपविणे हा उपाय नव्हे. दुसरा म्हणेल, “बाप दारू पिऊन मारझोड करतो, त्याच्या हाती मूल कसे द्यावे?” हाही आक्षेप खरा. अशा आईने मुलाचा जीव धोक्यात घालावा असे आम्ही म्हणत नाही. तिने न्यायालयास तसे सांगावे व देखरेखीखाली भेट किंवा भेटीस मनाई मागावी. भीती खरी असेल तर ती न्यायाधीशापुढे मांडता येते. परंतु भीतीच्या नावाखाली सूड उगविला जात असेल तर मूल मोठे होऊन त्याचा जाब विचारल्यावाचून राहत नाही.

आता खास आमच्या पट्ट्याची एक अडचण. भेटीसाठी रविवार सोयीचा असे सर्वसाधारणपणे मानले जाते. परंतु भोसरी-चाकणकडील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, आणि गुरुवारी मुलाची शाळा असते. त्यात पाळ्या दर आठवड्यास बदलतात. मग बाप रविवारी आला नाही की ‘त्यास मुलाची ओढच नाही’ असे लिहून ठेवले जाते. तेव्हा भेटीचे दिवस ठरविताना वकिलांनी पाळ्यांचे वेळापत्रक न्यायालयापुढे ठेवावे. जो बाप दूरगावी आहे त्याने फोनवर मुलाचे तोंड पाहून बोलावे, असा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने २०२० सालीच दाखविला आहे. कारखानदारांनीही महिन्यातून एका रविवारी अशा कामगाराची पाळी बदलून दिल्यास त्यांचे उत्पादन बुडणार नाही, आणि एका मुलास बाप मिळेल.

व्यापारी बंधूंस आमचे सांगणे थोडे कडू आहे. दुकान भावाच्या नावे, गाळा आईच्या नावे, आणि शपथपत्रात मात्र ‘दुकानात नोकर आहे, पगार जेमतेम’ असे लिहून देणे यास कोणी हुशारी म्हणत असतील. आम्ही तीस मुलाच्या दुधात पाणी घालणे म्हणतो. ठेकेदारांनी पगाराचा खरा दाखला देण्यास कां कूं करणे हेही त्याच जातीचे पाप आहे. तडजोडीस बसणाऱ्या पंच मंडळींसही विनंती आहे: ‘पोटगी सोडली, मूल सोडले’ असा मुद्रांकावरचा कागद करून काडीमोड उरकू नका. आईबापांच्या सहीने मुलाचा हक्क बुडत नाही. तो कागद उद्या न्यायालयात टिकणार नाही, आणि तोवर गेलेले मुलाचे दिवस परत येणार नाहीत.

वकिलास द्यावयास पैसे नाहीत ही सबबही आता उरलेली नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया, मुले आणि औद्योगिक कामगार या तिघांसही मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. म्हणजे आमच्या पट्ट्यातील अशा तंट्यात आई, मूल आणि कारखान्यात राबणारा बाप हे तिघेही त्यात येतात. पुण्यास शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. तालुक्यांतून समित्या आहेत. ही माहिती कारखान्याच्या फाटकावर आणि शाळेच्या फलकावर लागली पाहिजे. ती लावण्यास सरकारच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण नाही.

सरकार व न्यायालये यांजकडे आमचे मागणे एकच आहे: मुलाच्या पोटगीच्या अर्जास ६० दिवसांची मुदत कायद्याने घातली आहे, ती पाळली जावी. आणि आईबापांकडेही आमचे मागणे एकच: तुम्हास एकमेकांशी लढावयाचे असेल तर खुशाल लढा, परंतु मुलाचा घास व मुलाची भेट ही दोन शस्त्रे आजच खाली ठेवा. ती तुमची नव्हेतच.