परगावी जाताना डबा सोबत न्या



"बाबा, सगळं फोनवर मिळतं, हा डबा कशाला उचलून आणता?" मुलगा दर वेळी विचारतो. थंडीचे दोन-अडीच महिने आम्ही दोघं इंदूरहून त्याच्याकडे कोइंबतूरला असतो. सेट-टॉप बॉक्स मी शालीत गुंडाळून नेतोच. फोनवरचं मराठी एकाच्या कानात जातं, बैठकीत लावलेलं घरभर ऐकू येतं. सूनबाई तमिळ, चार वर्षांच्या नातीला मराठी सगळं कळतं पण उत्तर इंग्रजीत. अशा घरात संध्याकाळी तासभर तरी मराठी आवाज हवा, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्यांच्याकडे टीव्ही नाही. घरून काम चालू होतं तेव्हा घेतलेला कॉम्प्युटरचा मॉनिटर पडून होता, तोच कामी आला. बॉक्सची एचडीएमआय वायर लावली, चित्र स्वच्छ. आवाज मात्र नाही, कारण पुष्कळ मॉनिटरना स्पीकरच नसतो. मागे हेडफोनची जागा असली तर कॉम्प्युटरचे साधे स्पीकर तिथे लावायचे, नाहीतर बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिनांतून आवाज घ्यायचा. मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएवाला असेल तर कन्व्हर्टर लागतो.

छत्री तिथेच घेऊन ठेवली आहे. डीडी फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, विषुववृत्ताच्या वर. इंदूरला छत्रीचं तोंड आग्नेयेला असतं, कोइंबतूरला ती आणखी पूर्वेकडे वळते आणि जास्त वर बघते. पूर्वेची गॅलरी होती म्हणून निभावलं. जोराच्या पावसात चित्र अडकतं, तेव्हा चहा करायचा. दरमहा भाडं शून्य आणि सह्याद्री लागतं. जन्मभर लेजर तपासलेल्या माणसाला आणखी काय पाहिजे!

मालिका कशा असतात यावर मी बोलत नाही, सौ. बोलते. पण नात बातम्यांतले शब्द उचलते. परवा तिने 'हवामान' म्हटलं. आमच्या घरच्या 'येऊन राहिलो, जाऊन राहिलो' मराठीत तिला हा शब्द कुठून मिळाला असता?

तरुणांना हे जुनं खूळ वाटेल. पण मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, तेव्हा इंदूरच्या मराठी घरांना त्याचा उपयोग शून्य होता. मनोरा मुंबईत, लहरी तिथल्या तिथे. आमच्याकडे टीव्ही आला तो दिल्लीची हिंदी घेऊन. पुढे सह्याद्री नाव मिळालेली वाहिनी १९९४ साली उपग्रहावर आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, तेव्हा कुठे महाराष्ट्राबाहेरच्या घरांत मराठी टीव्ही शिरला. उपग्रहाने राज्याची हद्द पाहिली नाही.

हद्द आखली ती पॅक बनवणाऱ्यांनी. मध्य प्रदेशात हिंदी पॅक, तमिळनाडूत तमिळ, आणि आपण कुठेच नाही. कोइंबतूरच्या केबलवाल्याला मराठी वाहिनी मागितली, तर म्हणाला, "डिमांड नहीं है, सर." डिमांड नोंदवणार कोण? ट्रायच्या नियमांनुसार २०१९ पासून पैसे भरून पाहायच्या वाहिन्या एक-एक निवडता येतात, पण आपली माणसं तयार पॅक घेऊन गप्प बसतात आणि नंतर मुलांना मराठी येत नाही म्हणून हळहळतात. वडोदरा, हैदराबाद, ग्वाल्हेर, जिथे असाल तिथे मागणी लेखी द्या, पोच घ्या. तोंडी मागणीला बँकेत कोणी विचारत नाही, तिथेही विचारणार नाही.

पुढच्या महिन्यात पुतण्याकडे हैदराबादला जातोय. त्याच्या मॉनिटरच्या मागचा फोटो मागवून ठेवला आहे, कोणती वायर न्यायची ते कळायला.