विचारायला काय हरकत आहे?

एसटी स्थानकाच्या फलाटावर चार-पाच वर्षांची मुलगी हमसून हमसून रडते आहे आणि एक माणूस दंड धरून तिला गाडीकडे ओढतो आहे. बाप असेल, मामा असेल, कदाचित कोणीच नसेल. बाकावरची माणसे क्षणभर बघतात आणि ‘आपण कशाला मध्ये पडा’ म्हणून मान फिरवतात. याला सरसकट निगरगट्टपणा म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. परक्या मुलाशी बोलायला गेलो आणि आपल्यालाच पोरे पळवणारा ठरवले तर, ही भीती महाराष्ट्रात निराधार राहिलेली नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याच्या आठवडे बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी आले होते. त्यांच्यापैकी एकाने एका लहान मुलीशी बोलण्याचा प्रयत्न केला, असे तेव्हा सांगितले गेले. मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवा व्हॉट्सअ‍ॅपवरून आधीच फिरत होत्या. जमावाने पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. मुलांच्या काळजीने इतके लोक धावले, पण ‘तुम्ही कोण, कुठले’ याचे उत्तर ऐकून घेण्याइतका धीर त्यांच्यात नव्हता.

मध्ये पडायचे ते विचारण्यापुरते. तेही आधी मुलाला नव्हे, सोबतच्या मोठ्या माणसाला, आणि चारचौघांना ऐकू जाईल असे. ‘काय झालं हो बाळाला? पाणी देऊ का?’ दमलेल्या आईला या प्रश्नाचा आधार वाटतो. ‘मारता कशाला?’ म्हटले की तीच आई चिडते आणि तो राग घरी गेल्यावर पोराच्याच पाठीवर निघतो. ज्याचा मुलाशी संबंध नाही, तो नाव-गाव सांगताना बहुधा अडखळतो. अडखळणे हा पुरावा नव्हे. कंट्रोलरला किंवा पोलिसाला हाक मारायला मात्र तेवढे पुरे. निव्वळ रडण्याच्या आवाजावरून काही ठरवू नये. फुगा मिळाला नाही म्हणून स्थानक डोक्यावर घेणारी मुले असतात, आणि खरोखर घाबरलेले मूल कधी कधी अगदी गप्प असते.

मूल एकटेच असेल तर त्याला घेऊन आईबापांना शोधत हिंडू नये; चुकामूक झाली त्याच जागी ते बहुधा परत येतात. एखाद्या बाईला सोबत घेऊन तिथेच थांबावे, कंट्रोलरला पुकारा करायला सांगावे आणि १०९८ वर फोन करावा. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झालेली ही चाइल्डलाइन आता सरकार चालवते. फोन मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो. हरवलेले मूल तुम्ही ताब्यात घेतले, तर २०१५ च्या बालन्याय कायद्यानुसार २४ तासांच्या आत चाइल्डलाइन, पोलीस किंवा बालकल्याण समितीला कळवावेच लागते. ‘दोन दिवस घरी ठेवू, मग बघू’ हा चांगुलपणा कायद्याच्या लेखी गुन्हा आहे.

पालकांनाही एक विनंती. उद्या तुमचे पोर भर बाजारात भोकाड पसरेल आणि एखादी अनोळखी बाई ‘हे तुमचंच ना हो?’ म्हणून विचारील. तिच्यावर खेकसू नका. मुलाचे नाव सांगा, वाटल्यास मोबाइलमधला त्याचा फोटो दाखवा आणि विचारल्याबद्दल तिचे आभार माना.